हरळीचा गुच्छ

वाचकहो, मृग नक्षत्र लागले की कृषी खात्यातल्या माणसाने रजेचे नाव काढू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. बियाणे, खते, पंचनामे, पेरणीचे अहवाल, सगळे एकदम अंगावर येते. नोकरीत तीस वर्षे होत आली, पण हा नियम मी कधी मोडला नव्हता. जून २०२४ मध्ये तो मोडला. बारा दिवसांची रजा टाकली, परदेशी जाण्याची खात्याची परवानगी घेतली आणि थायलंडला गेलो. सहलीला म्हणून नव्हे. तिथे माझी धाकटी लेक इंग्रजीची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाली होती आणि मे महिना संपता संपता तिचा फोन आला होता, "आप्पा, मला हे जमत नाही. मी परत येते."

तिथे जे पाहिले ते तुमच्यापुढे मांडतो. आज ना उद्या तुमच्याही घरातला मुलगा किंवा मुलगी असा विचार करील, तेव्हा त्याचा उपयोग होईल.

आमचे गाव नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. लेक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे ए-बी-सी-डी तिला लवकर भेटली, पण बोलायची भाषा मराठीच. पुढे इंग्रजी घेऊन बी. ए. केले, बी. एड. केले आणि मग शिक्षक भरतीची वाट पाहत बसली. ही वाट किती लांब असते ते तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शेवटी तिने परदेशातल्या शाळांकडे अर्ज करायला सुरुवात केली. काही ठिकाणी फोटो पाहूनच नकार आला. जाहिरातीतच लिहिलेले असे, की शिक्षक इंग्रजी मातृभाषेचाच हवा. याचा खरा अर्थ पुष्कळदा गोरा हवा असा असतो. अखेर एका संस्थेमार्फत ईसानमधल्या एका सरकारी शाळेत तिला जागा मिळाली. संस्थेच्या माणसाने जाता जाता कानमंत्र दिला, "पालकांपुढे भारतातून आले असे सांगत बसू नका. विषय निघाला तर टाळा."

पोरीने तेवढे मनावर घेतले. गोऱ्या माणसांच्या चित्रफिती ऐकून ऐकून तिने बोलण्याची ढब बदलली. गावाकडून निघाली तेव्हा ती इंग्रजी शिकवायला चालली होती. पोचली तेव्हा दुसऱ्याच कोणाचे सोंग घेऊन उभी होती.

रडणारे माळरान

मुंबईहून बँकॉकला विमान चार-साडेचार तासांत पोचते. त्या वर्षी भारतीय पर्यटकांना व्हिसा लागत नव्हता. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. तिथून शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर गेलो आणि रात्रीची बस धरली. ईशान्येकडे सुमारे पाचशे किलोमीटरवर रोई-एत नावाचे शहर आहे. रोई-एत म्हणजे एकशे एक. पहाटे उतरलो तर लेक फाटकाशी उभी. चेहरा उतरलेला, पण डोळ्यांत पाणी नव्हते. आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचे पीठ बॅगेत आहे म्हटल्यावर मात्र पाणी आलेच.

थायलंडच्या या ईशान्य भागाला ईसान म्हणतात. हा शब्द आपल्याच 'ईशान' दिशेवरून आलेला. रोई-एतच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर कसेत विसय नावाचा तालुका आहे, आणि तिची शाळा त्याच बाजूला. नाव ऐकून मी चमकलो. थाई भाषेत शेतीला 'कसेत' म्हणतात. मूळ संस्कृत शब्द क्षेत्र. आपले 'शेत' त्याच क्षेत्राचे. गावपातळीवर शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या सरकारी माणसाला तिथे 'कसेत तांबोन' म्हणतात. तांबोन म्हणजे काही गावांचा गट. म्हणजे माझा सख्खा व्यवसायबंधूच की!

आजूबाजूला सपाट माळ. त्याचे नाव थुंग कुला राँगहाय, म्हणजे 'कुला रडले ते माळरान'. कुला हे पाठीवर माल घेऊन रानोमाळ हिंडणारे चिवट व्यापारी. तेसुद्धा हा ओसाड माळ तुडवताना रडले, अशी दंतकथा आहे. जमीन वालुकामय, कुठे कुठे खारवट, आणि शेती बरीचशी पावसावर. पण याच माळावर आज जगभर नावाजलेला सुगंधी तांदूळ पिकतो. त्याला 'हॉम मालि' म्हणतात. हॉम म्हणजे सुवासिक, मालि म्हणजे मोगरा. 'खाओ दोक मालि १०५' हा त्याचा मुख्य वाण १९५९ साली प्रसारित झाला, आणि या माळावरच्या तांदळाला २०१३ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिले. भूमापनाचे माप 'राइ'. एक राइ म्हणजे १,६०० चौरस मीटर, आपले जवळजवळ सोळा गुंठे.

मी गेलो तेव्हा तिथेही पेरणीचीच घाई होती. लावणीला मजूर मिळत नाहीत म्हणून बरेच शेतकरी कोरड्यातच भात फेकून पेरतात. रेड्यांची जागा दोन चाकांच्या यांत्रिक नांगराने घेतली आहे, त्याला ते 'लोखंडी रेडा' म्हणतात. गंमत अशी, की हा सुगंधी तांदूळ शेतकरी विकायला पिकवतो आणि घरी खायला चिकट भात वेगळा लावतो. तो बांबूच्या छोट्या टोपलीत ठेवतात आणि हाताने लहान गोळा करून मिरचीच्या ठेच्याला लावून खातात. आपणही कांदा बाजाराला आणि बाजरी घराला, असे करतोच.

लेक ज्या घरात भाड्याने राहत होती, तिथली मालकीण सत्तरीच्या घरातली आजी. थाई भाषेत आईच्या आईला 'याय' म्हणतात, म्हणून लेकही तिला याय म्हणे. आजीचा नातू लेकीच्याच वर्गात होता. त्याचे आईवडील बँकॉककडे कारखान्यात कामाला. ईसानात हे घरोघरी दिसते. तरणी माणसे शहरात, आणि गावात नातवंडे व आज्या. पाथर्डी-बीडकडचे ऊसतोड कामगार मुलांना आजीपाशी ठेवून कारखान्याच्या वाटेला लागतात, ते मला आठवले. आजीने मला पाहून पहिला प्रश्न विचारला तो असा, "भात खाल्लास का?" ही त्यांची रामराम घालण्याची रीत.

सगळ्यांना समजले?

सोमवारी मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी तिच्या वर्गात मागे बसलो. सकाळी आठला झेंडावंदन झाले. मुले बूट दाराबाहेर काढून वर्गात आली. इयत्ता आपल्या सातवीची, मुले चाळीसच्या आसपास. फळ्यावर तारीख लिहिली होती, पण साल २५६७. तिथे बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून वर्षे मोजतात, म्हणून त्यांचे साल आपल्या इसवी सनापेक्षा ५४३ ने पुढे. सगळी मुले उठून एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, टीचर." तिने विचारले, "हाउ आर यू?" पुन्हा एका सुरात, "आय ॲम फाइन, थँक्यू, अँड यू?" मला हसू आवरेना. आमच्या गावच्या शाळेत हेच वाक्य याच चालीवर ऐकले होते.

मग तिने शिकवायला सुरुवात केली. इंग्रजी चोख, पण भरधाव, आणि त्या उसन्या ढबीत. मुले हसतमुखाने ऐकत होती. मध्येच ती विचारी, "समजले?" चाळीस माना डोलत. शेवटी तिने पाच ओळी लिहायला दिल्या, तर बहुतेकांच्या वह्या कोऱ्या. तेवढेच गोड हसू मात्र चेहऱ्यावर कायम. तिच्या हाताला सुटलेला कंप मला मागच्या बाकावरून दिसला. पहिल्या तीन महिन्यांनी तिचे काम तपासून पुढचे ठरणार होते, आणि त्यातला एक महिना असा गेला होता.

वाचकहो, त्या मुलांची अडचण समजून घ्या. घरी ती ईसानी बोलतात. ही बोली शेजारच्या लाओस देशाच्या भाषेला जवळची. शाळेत बँकॉकची प्रमाण थाई. इंग्रजी तिसरी. आपल्याकडे घरी अहिराणी किंवा वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी आणि वर इंग्रजी, तसेच हे. त्यात थाई भाषेचा स्वभाव निराळा. शब्दाच्या शेवटी 'स' आणि 'ल' टिकत नाहीत. 'बस'चे 'बत' होते, आणि 'स्कूल'चे 'सकून'. आपल्याकडे 'इस्कूल' म्हणतात त्यातलाच प्रकार. क्रियापदाला काळाप्रमाणे रूपे नाहीत, अनेकवचनाला प्रत्यय नाही. मग एका 'एस'साठी मास्तरीण एवढी का रागावते, हे त्या लेकरांना उमगावे कसे?

काडेपेटीचे माप

त्या रात्री ओसरीवर बसलो. बाहेर बेडकांचा गजर चालू होता. ती म्हणाली, "आप्पा, ती हो हो म्हणतात आणि काहीच करत नाहीत. मुलं खोटारडी आहेत की मी नालायक आहे?"

मी तिला माझी एक जुनी फजिती सांगितली. नोकरीच्या पहिल्या रब्बीत एका वाडीवर मी हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेवर तासभर बोललो. किलोला तीन ग्रॅम थायरम चोळा, मर रोग कमी होईल, असे घसा खरवडून सांगितले. समजले का म्हटल्यावर सगळ्या माना डोलल्या. पंधरा दिवसांनी जाऊन पाहतो तो एकानेही औषध चोळले नव्हते. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, तुम्ही बोललात लई चांगलं. पण तीन ग्रॅम म्हंजी किती? आमच्या घरात गरॅम मोजायचं काय हाय?" मी गप्प झालो. तालुक्याला जाऊन रिकाम्या काडेपेटीत किती पावडर मावते ते तराजूवर तोलले. पुन्हा वाडीवर गेलो, हातमोजे घातले आणि एवढ्या पायली बियाण्याला एक काडेपेटी, असे खळ्यावर करून दाखवले. त्या वर्षी निम्म्या वाडीने बीजप्रक्रिया केली. मान डोलते ती समोरच्याचा मान राखण्यासाठी. समजले की नाही ते हात सांगतात. आणि माप नेहमी त्यांच्या घरातले घ्यावे लागते.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पण माझ्या घरातलं माप काय आहे तेच सांगायची मला बंदी आहे ना."

तेव्हा मी तिला आमच्याच नगरात जन्मलेल्या एका बाईची हकीकत सांगितली. प्रवासाला निघण्यापूर्वी वाचून ठेवली होती. ॲना लिओनोवेन्स तिचे नाव. १८६२ साली सयामचा, म्हणजे थायलंडचा, राजा मोंगकुट याने राजवाड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवायला तिला बोलावले. पुढे राजा झालेला चुलालाँगकॉर्न तिचा विद्यार्थी. १८६७ पर्यंत ती तिथे होती. पुढे तिने पुस्तके लिहिली, तिच्यावर कादंबरी, नाटक, चित्रपट झाले. आपला जन्म वेल्समधला असे ती सांगत असे. पण संशोधकांनी कागदपत्रे धुंडाळली तेव्हा निघाले, की ती १८३१ मध्ये अहमदनगरला जन्मली. बाप कंपनी सरकारच्या लष्करात सार्जंट, आई मिश्र वंशाची. लग्न झाले ते पुण्यात. वैधव्य पदरी, दोन मुले, आणि काळ असा की मूळ कळले असते तर कोणी दारात उभे केले नसते. म्हणून तिने ते जन्मभर झाकले. मी तिला दोष देत नाही. पण १९१५ साली तिकडे कॅनडात मरेपर्यंत आपल्या जन्मगावाचे नाव तिला उघडपणे घेता आले नाही, याचे मला वाईट वाटते.

"तुझ्यावर ती वेळ नाही," मी म्हणालो. "नोकरी गेली तर जाऊ दे. घरी चार एकर आहे, म्हशी आहेत. पण जन्मगाव लपवून मिळवलेला पगार तुला गोड लागणार नाही."

एवढे बोललो खरा, पण रात्रभर झोप लागली नाही. तिच्या जाण्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले होते.

कुत्रा, घोडा आणि ये

दुसऱ्या दिवशी ती इंग्रजीच्या ज्येष्ठ थाई बाईंकडे गेली आणि सगळे सांगून मोकळी झाली. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, तुझा पासपोर्ट आम्ही सगळ्यांनी पाहिला आहे." लपवाछपवी होती ती फक्त संस्थेच्या जाहिरातीपुरती! बाईंनी तिला आणखी एक सुचवले, "आधी तू त्यांची भाषा थोडी शीक. मुलांना तुझी चूक पाहू दे."

थाई भाषेत सुराला फार महत्त्व. 'मा' हा एकच उच्चार सपाट सुरात केला तर 'ये', उंच सुरात 'घोडा' आणि खालून वर चढवला तर 'कुत्रा'. लेकीने वर्गात एका मुलीला 'ये' म्हणून हाक मारली, आणि सूर चढला. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला आणि मग छप्पर उडेल इतका हसला. तीही हसली. फळ्यावर तीन चित्रे काढली आणि म्हणाली, मला शिकवा. चाळीस मास्तर एकदम उभे राहिले. कोणी तिचा सूर दुरुस्त करी, कोणी हाताने वर-खाली दाखवी. तिने दहा वेळा चुकत शेवटी 'ये' बरोबर म्हटले, तेव्हा टाळ्या पडल्या. मग तिने 'बस' लिहिले आणि शेवटच्या 'स'साठी सापासारखा फूत्कार करायला लावला. आता चुकायची पाळी त्यांची होती, आणि चुकायला कोणी भीत नव्हते.

त्यानंतर तिने जगाचा नकाशा काढून भारत, महाराष्ट्र आणि आपला जिल्हा दाखवला. सांगितले, की इंग्रजी माझीही घरची भाषा नाही, मीही तुमच्यासारखीच शिकले. हे सांगताना तिने ती उसनी ढब टाकली होती. इंग्रजी सावकाश, सुटे, आपल्या मराठी माणसाच्या तोंडचे. पण त्या दिवशी वह्यांत ओळी उमटल्या. काहींनी दोन, काहींनी चार. पाठीमागच्या बाकावरच्या तीन मुलांनी अजूनही काही लिहिले नव्हते, तेही सांगितले पाहिजे.

शाळेच्या मागे भाजीचे वाफे होते. तिथल्या कितीतरी शाळांत मुले दुपारच्या जेवणासाठी भाजी पिकवतात. राजकन्या सिरिंथोर्न यांनी १९८० मध्ये सीमेवरच्या शाळांपासून हा उपक्रम सुरू केला. लेक आता आठवड्यातून एक तास वर्ग वाफ्यावर नेऊ लागली. पाणी घाल, तण काढ, वांगे मोज, हे सगळे इंग्रजीत. ज्या मुलाला वर्गात शब्द फुटत नसे, तो वाफ्यावर चार शब्द बोले. हातात खुरपे असले की जीभ सैल होते, हे आम्हा विस्तार खात्यातल्या लोकांना नवीन नाही.

संध्याकाळी नातवाने आजीला सांगितले, टीचर भारताची आहे. आजीने हातातला खलबत्ता बाजूला ठेवला आणि लेकीपुढे दोन्ही हात जोडले. तिच्या लेखी भारत म्हणजे बुद्धगया. मरण्यापूर्वी एकदा तो बोधिवृक्ष पाहायची तिची इच्छा होती. जे लपवायला सांगितले होते, तेच त्या घरात सर्वांत मोठे ठरले. सगळेच असे निघाले नाहीत. गोरी शिक्षिका का नाही, असे विचारायला दोन पालक शाळेत आलेच. त्यांना उत्तर त्या ज्येष्ठ बाईंनीच दिले.

गुरुवारचा सोहळा

माझ्या मुक्कामाच्या अखेरच्या गुरुवारी शाळेत 'वाय ख्रू' होता. ख्रू म्हणजे गुरू, वाय म्हणजे हात जोडून वंदन. थायलंडभर शाळा सुरू झाल्यावर साधारण जूनमधल्या एखाद्या गुरुवारी हा सोहळा होतो. गुरुवारच का, तर आपल्यासारखाच तिथेही तो बृहस्पतीचा वार, आणि वाराच्या नावातही बृहस्पतीच आहे. जणू आपली गुरुपौर्णिमाच.

सभागृहात शिक्षक ओळीने बसले. प्रत्येक वर्गाची दोन मुले केळीच्या पानांनी आणि फुलांनी सजवलेली उंच बैठकीची तबके घेऊन गुडघ्यांवर सरकत पुढे येत. मुलांनी पाली भाषेतले वंदन म्हटले. मग आजीचा नातू लेकीपुढे आला, डोके टेकले आणि लहानसा गुच्छ तिच्या हाती दिला. तिने तो मला दाखवला आणि मी पाहतच राहिलो. त्यात होते वांग्याचे फूल, लाल इक्झोऱ्याच्या कळ्या आणि हरळी. होय, आपली हरळी! तबकात साळीच्या लाह्याही होत्या, आपण लक्ष्मीपूजनाला वाहतो तशा.

शेजारच्या बाईंनी अर्थ सांगितला. इक्झोऱ्याची कळी सुईसारखी, तशी बुद्धी तीक्ष्ण व्हावी. लाही भाजताना एका भांड्याच्या मर्यादेत राहून फुलते, तशी शिस्त असावी. वांग्याचे फूल फळ धरताना खाली वाकते, तशी नम्रता असावी. आणि हरळी तुडवली तरी मरत नाही, पेरापेराला मूळ धरून पसरते, तसे ज्ञान पसरावे.

वाचकहो, उन्हाळ्यात खोल नांगरट करा, काश्या वेचून जाळा, असे सांगण्यात माझी हयात गेली. हरळीचा एक तुकडा राहिला तरी पुन्हा रान भरते, हा आमच्या भाषणातला धमकीचा मुद्दा. तोच या मुलांनी आशीर्वाद करून गुरूच्या हाती दिला होता. आपणही दूर्वा म्हणून ती गणपतीला वाहतोच, पण असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. वांग्याचे फूल मात्र मी लेकीच्या हातात नीट ठेवले. गेल्या आठ दिवसांत तीही थोडी वाकली होती, म्हणून तर फळ धरू लागले होते.

निघण्यापूर्वी एवढे पाहा

आता कामाचे सांगतो. आपल्या मुलांना अशा नोकरीवर पाठवायचे असेल तर घाई करू नका. पदवी, शक्यतो बी. एड., आणि इंग्रजी मातृभाषा नसेल तर टोइक किंवा आयईएल्टीएससारख्या परीक्षेचे गुण मागतात. थायलंडमध्ये शिकवण्यासाठी कामाचा व्हिसा, कामाचा परवाना आणि तिथल्या शिक्षक परिषदेची मान्यता लागते. पर्यटक म्हणून या, कागद नंतर करू, असे कोणी म्हणाला तर त्याच्या नादी लागू नका. नोकरी लावतो म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहा. नेमणुकीच्या करारात शाळेचे नाव, पगार, सुट्ट्या आणि घरभाडे कोणाकडे हे लिहिलेले असावे, आणि त्या शाळेशी एकदा स्वतः बोलावे. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेऊन सीमेपलीकडे म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर अनेक भारतीय मुलांना डांबले गेले. २०२५ च्या मार्चमध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक जणांना विमानाने परत आणले. हे विसरू नका.

पगाराचा हिशेबही नीट करा. त्या वर्षी एका बाथला सव्वादोन-अडीच रुपये पडत. आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, भाडे आणि येण्याजाण्याचा खर्च त्यातूनच जातो. आमचे कर्ज फिटायला वर्ष लागले.

आणि सर्वांत महत्त्वाचे, जाताना पोराला आपले गाव बांधून द्या. चटणी-पीठ तर द्याच, पण आपण कोठले, कसे शिकलो, हे सांगायची लाज वाटू देऊ नका.

लेकीने ते वर्ष पुरे केले. एप्रिलमध्ये थाई नववर्षाच्या, म्हणजे सोंगक्रानच्या, सुट्टीत घरी आली. सोंगक्रान म्हणजे आपली संक्रांतच. पुढच्या वर्षासाठी शाळेने तिला पुन्हा बोलावले. वर्गातली सगळी मुले काही इंग्रजी बोलू लागलेली नाहीत. निम्म्यांच्या तोंडी 'बस' अजून 'बत'च आहे. तिची त्याबद्दल तक्रार नाही. तो सुगंधी भात तरी कुठे लवकर फुलतो? पेरणी मेमध्ये करा की जुलैमध्ये, दिवस लहान झाल्याशिवाय, ऑक्टोबर आल्याशिवाय तो फुलायचा नाही. त्या माळावरच्या शेतकऱ्याला हे ठाऊक असते, म्हणून तो धीर धरतो.

तो हरळीचा गुच्छ वाळून माझ्या दैनंदिनीत आहे. तुम्ही विचाराल, की साहेब, मग आता शेतात हरळी दिसली तर काय करता? उपटतो, वाचकहो. मुळासकट उपटतो. पण बांधावरची थोडी राहू देतो.